फेन, पंक आणि पोटखराब

'फेन' म्हटलं की आपल्याला आठवतो तो फेस. संस्कृतातला फेन म्हणजे फेसच. पण इंग्लंडच्या पूर्व भागात, केंब्रिजच्या आसपास, ज्या फेनच्या पाट्या गावोगावी दिसतात तो वेगळा. फेन ड्रेटन, फेन डिटन, विकेन फेन, होम फेन, वुडवॉल्टन फेन... हा फेन म्हणजे दलदल, पाणथळ जमीन. (आपल्या फेनाचं इंग्रजीतलं भावंड 'फोम' आहे. ते घराणं निराळं!)

नोकरीच्या निमित्ताने आम्ही या भागात राहायला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत मार्श होता, स्वॉम्प होता, फेन काही नव्हता. इथे मात्र तो रोजच्या बोलण्यातला. एखादा शब्द सारखा कानावर पडायला लागला की त्याच्या मागे लागायची माझी खोड इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहेच. :) पण या शब्दाबद्दल आत्ताच लिहायला एक घरचं कारणही झालंय. ते पुढे येईल.

तर आधी अर्थ. ओल्या जमिनीसाठी इंग्रजीत शब्दांची कमी नाही. 'बॉग' हा आयरिश-गेलिकमधून आलेला, मुळात 'मऊ' या अर्थाचा. 'कार' म्हणजे झाडाझुडपांनी भरलेली दलदल, हा नॉर्स लोकांनी आणलेला. 'मार्श' आणि 'फेन' हे दोन्ही मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतले, हजार वर्षांपेक्षा जास्त वयाचे. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ या शब्दांत काटेकोर फरक करतात. बॉग जगतो पावसाच्या पाण्यावर, त्यामुळे तो आम्लधर्मी आणि निकस. फेनला जमिनीतून झिरपून आलेलं पाणी मिळतं. वाटेत ते पाणी खडकातले क्षार बरोबर घेऊन येतं, म्हणून फेनमध्ये गवतं, लव्हाळे, फुलं, किडे यांची नुसती रेलचेल असते. आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर साचत जातो, तो पीट. नुसती चिखलमाती असेल आणि पीट नसेल तर तो मार्श.

हे झालं शास्त्र. जुन्या इंग्रजीत मात्र 'फेन' या एकाच शब्दात दोन गोष्टी होत्या: एक पाणथळ जमीन आणि दुसरी चिखल, घाण, राड. जमिनीचं नाव आणि बुटाला लागलेल्या घाणीचं नाव एकच. पुढे कधीतरी घाणीचा अर्थ गळून गेला आणि जमिनीचा तेवढा उरला.

त्याची भावंडं युरोपभर पसरलेली आहेत. डच भाषेत 'वेन' म्हणजे पीट किंवा पीटची जमीन. अॅम्स्टरडॅमला लागून असलेलं आम्स्टेलवेन आता आपल्याकडच्या आयटीवाल्यांना चांगलंच माहीत आहे, कारण तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. त्यातली मराठी मंडळी दिवाळीत आकाशकंदील लावतात ते नावाने दलदलीच्या असलेल्या गावात! बेल्जियम-जर्मनीच्या सीमेवर 'होहेस व्हेन' नावाचं दलदलीचं पठार आहे. आणि इटालियनमध्ये चिखलाला 'फांगो' म्हणतात, तो शब्दही जर्मानिक टोळ्यांकडून उसना घेतलेला.

पण खरी गंमत पुढेच आहे. शाळेत भाषाशास्त्राचा थोडासा गंध लागलेल्यांना आठवेल की आपल्याकडच्या शब्दारंभीच्या 'प'च्या जागी इंग्रजीत पुष्कळदा 'फ' येतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने हा नियम १८२२ मध्ये नीट मांडला. आता फेनमधला 'फ' काढून तिथे 'प' ठेवून बघा. व्युत्पत्तीचे कोश फेनची वाट ज्या प्राचीन मुळापर्यंत नेतात, त्याच मुळाशी ते आपला एक शब्द नेऊन ठेवतात.

पंक.

पंकज, पंकजा यातला पंक. चिखलात जन्मलेलं ते पंकज, म्हणजे कमळ. आमच्या वर्गात तीन पंकज होते, तुमच्याही असतीलच. पण बोलण्यात 'पंक' कुणी वापरतं का? नाही. आपण कमळ तेवढं उचललं आणि चिखल पोथीत ठेवून दिला. संस्कृतात तर पंक या शब्दाला 'पाप', 'कलंक' असाही अर्थ चिकटलेला आहे. म्हणजे तिकडे फेन म्हणजे घाण आणि इकडे पंक म्हणजे पाप. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी ओल्या जमिनीकडे बघून नाक मुरडलं ते असं एकसारखं.

नाक मुरडणारे कोण, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. कारण त्या फेनमध्ये माणसं राहत होती.

सातव्या शतकाच्या शेवटी गुथलॅक नावाचा एक साधू तपश्चर्येसाठी क्रोलंडच्या दलदलीतल्या बेटावर जाऊन राहिला. त्याच्या चरित्रात तिथे रात्री भुतंपिशाच्चं येऊन त्याला छळतात. जुन्या इंग्रजीतलं सगळ्यात प्रसिद्ध महाकाव्य 'बेओवुल्फ', त्यातला ग्रेंडेल नावाचा राक्षसही फेनमध्येच राहतो. बाहेरून आलेल्यांना तिथे राक्षस दिसत होते. आतल्या लोकांना मात्र मासे दिसत होते. इली या गावाचं नावच मुळी 'ईल' माशावरून पडलं, असं बीड या इतिहासकार भिक्षूने आठव्या शतकात लिहून ठेवलंय. ईल म्हणजे वाम. १०८६ च्या डूम्सडे बुकात या भागातला सारा चक्क वाम माशांत मोजलेला आहे, हजारांच्या हिशोबाने. छपरं शाकारायला लव्हाळा आणि बोरू, चुलीत जाळायला पीट, खायला मासे आणि बदकं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गुरांना कुरण. कुणाचंच एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं.

म्हणजे तो स्वर्ग होता असं मात्र नाही. हिवतापाने माणसं हैराण असायची, आणि त्यावर उतारा म्हणून अफूच्या बोंडांचा काढा घरोघरी प्यायला जायचा. पाणी कधी चढेल याचा भरवसा नसे. तिथे राहणं कष्टाचंच होतं, फक्त ते निरुपयोगी नव्हतं.

लंडनमधल्या लोकांच्या लेखी मात्र ती 'वाया गेलेली' जमीन होती. १६३० च्या दशकात बेडफर्डच्या चौथ्या अर्लने तेरा भागीदारांसह पैसा उभा केला आणि कॉर्नेलियस व्हरमाय्डन नावाच्या डच इंजिनियरला कामाला लावलं. या भागीदारांना 'अॅडव्हेंचरर' म्हणत, म्हणजे भांडवलाचा जुगार खेळणारे. मोबदला काय, तर कोरड्या होणाऱ्या जमिनीतला वाटा. जवळजवळ सरळ रेषेत ३४ किलोमीटर लांबीचा एक कालवा १६३७ मध्ये आणि त्याला समांतर दुसरा १६५१ मध्ये खणला गेला. दुसऱ्या टप्प्यावर स्कॉटिश आणि डच युद्धकैदी राबले. ज्यांचं कुरण आणि मासे गेले त्या गावकऱ्यांनी बांध फोडले, दंगे केले. पण व्हायचं ते झालंच.

आणि मग जमिनीने आपला हिशोब सुरू केला. पीट म्हणजे पाणी प्यायलेला स्पंज. पाणी काढून घेतलं की तो आकसतो. त्यातच त्याला हवा लागली की इतकी वर्षं कुजायचं थांबलेलं सगळं कुजायला लागतं, आणि जमीन अक्षरशः हवेत उडून जाते, कार्बन डायऑक्साइड होऊन. काही वर्षांतच शेतं नद्यांपेक्षा खाली गेली. मग पाणी वर उपसायला पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली, मग वाफेची इंजिनं आली, मग डिझेलची, मग विजेचे पंप. ते आजही चालू आहेत. इथे गाडीने जाताना नदी आपल्या डोक्याच्या वरून वाहते आणि शेतं खाली दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी उलटं चाललंय असंच वाटतं.

होम फेनमध्ये याचा एक साक्षीदार उभा आहे. शेजारी व्हिट्लसी मिअर नावाचं तळं होतं, इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं. १८५१ मध्ये ते नव्या पद्धतीच्या पंपाने उपसून कोरडं केलं. आता जमीन खचणार हे तोवर अनुभवाने माहीत झालं होतं. म्हणून एक लोखंडी खांब खालच्या टणक चिकणमातीपर्यंत रोवला आणि त्याचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवलं. आज तो खांब जवळजवळ चार मीटर वर आलाय. म्हणजे खांब तिथेच आहे, जमीन खाली गेलीय. तिथला भाग समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेतीन मीटर खाली आहे, अख्ख्या ग्रेट ब्रिटनमधली सगळ्यात खोलगट जागा. आम्ही गेलो तेव्हा माझा मुलगा खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "आई, म्हणजे आपण जमिनीच्या आत उभे आहोत?" एका अर्थी हो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आज इंग्लंडमधल्या सर्वोत्तम प्रतीच्या शेतजमिनीतला जवळजवळ अर्धा हिस्सा याच भागात आहे. बटाटे, बीट, सेलरी, कांदा. आमच्या घरातली भाजीही बहुतेक तिथूनच येते. त्यामुळे व्हरमाय्डनला नुसत्या शिव्या देणं मला जमत नाही. पण मूळ फेनपैकी आज एक टक्कासुद्धा उरलेला नाही, आणि जी काळी माती पिकवते तीच काही ठिकाणी वर्षाला एक-दोन सेंटीमीटरने नाहीशी होतेय. म्हणून आता उलटा प्रवास चाललाय. विकेन फेनचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्टने १८९९ मध्येच राखायला घेतला होता. २००१ पासून 'ग्रेट फेन' नावाचा प्रकल्प चालू आहे. होम फेन आणि वुडवॉल्टन फेन यांच्या मधली शेतं घेऊन, चर बुजवून, ३,७०० हेक्टर जमीन पुन्हा ओली करायची असं ठरलंय. ज्या शब्दाचा अर्थ एकेकाळी घाण होता, तो आता पाटीवर 'ग्रेट' लावून मिरवतोय.

आता ते घरचं कारण.

रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावच्या घराखाली, उताराच्या पायथ्याशी वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा आहे. त्याला नाव नाही, सगळे नुसतं 'खालचं' म्हणतात. 'खालच्यात म्हैस रुतली', 'खालच्यातून अळू काढून आण.' वरच्या डोंगराचं पाणी तिथे पाझरून येतं. मे महिन्यातसुद्धा पाऊल टाकलं की टाच बुडते. लव्हाळे, अळू, बगळे आणि एक पाणकोंबडीचं कुटुंब. पीट नाही, त्यामुळे शास्त्रज्ञ त्याला फेन म्हणणार नाहीत, पण पाणी येतं ते फेनसारखंच, जमिनीच्या पोटातून.

आणि सातबाऱ्यावर या तुकड्याला जो शब्द आहे, तो वाचून मी थबकले. पोटखराब. म्हणजे चांगल्या जमिनीच्या पोटातली खराब जमीन. लागवडीला अयोग्य, म्हणून तिच्यावर आकारणी नाही. ही मोजणी आणि प्रतवारी इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकापासून बसवायला घेतली. सरकारला सारा किती मिळेल याच हिशोबाने जमिनीकडे बघायचं, तर जिच्यातून सारा मिळत नाही ती खराब, हे ओघानेच आलं. लंडनच्या 'वाया गेलेल्या' जमिनीचा हा आपल्या घरातला चुलत भाऊ!

वास्तविक कोकणातल्या माणसाला चिखल खराब कसा वाटेल? आपण दर आषाढात मुद्दाम चिखलणी करतो, नांगर फिरवून, गुडघाभर राड करून. त्याशिवाय भाताची लावणीच नाही. आजी तर लावणीहून आली की पाय धुवायच्या आधी पायाकडे बघून म्हणायची, "यंदा बरा झालाय चिखल." तिच्या तोंडी तो शब्द कौतुकाचा होता.

तर घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांसाठी सांगते. खालच्यात चर खणून पाणी ओढ्याला सोडायचं, वर जांभ्याचा चुरा आणि डबर टाकून भराव घालायचा, आणि रस्त्यालगत सपाट जागा झाली की पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या, असं गावी चाललंय. बाबांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय, त्यामुळे संमतीसाठी माझी सही हवी आहे. आप्पाकाकांनी फोनवर अगदी प्रेमाने विचारलं, "बाळ, तुझी काही हरकत नाही ना?"

दादाचं म्हणणं मला पटतं, हे आधी लिहिते. गावात राहून घर तोच सांभाळतोय. आप्पाकाकांचं दुखणंखुपणं, कौलांची शाकारणी, काजूची राखण, सगळं त्याच्यावर. मी दोन वर्षांतून एकदा येणार, अळूचं फदफदं खाणार आणि बगळ्यांचे फोटो काढून परत जाणार. लांबून दलदलीचं कौतुक करणं फुकट असतं. मुलांच्या शिक्षणासाठी त्याला चार पैसे हवे आहेत आणि ते त्याला मिळायलाच हवेत.

पण दादा, खालच्यापासून आपली विहीर जेमतेम चाळीस पावलांवर आहे. ऐन मेमध्ये वाडीत टँकर येतो तेव्हाही तिच्यात दोन पुरुष पाणी असतं. चर खणला की फक्त चिखलातलं पाणी जात नाही. जेवढा खोल चर, तेवढी आजूबाजूच्या जमिनीतल्या पाण्याची पातळीही खाली उतरते. इथे त्यांनी तेच केलं, आणि चारशे वर्षं झाली तरी पंप बंद करायची सोय नाही. त्यांच्याकडे निदान पंपांचा खर्च करायला एक अख्खा देश आहे. आपल्याकडे तू आहेस आणि महिन्याचं वीजबिल आहे.

म्हणून सहीच्या आधी माझं मागणं एवढंच. खोल्या खाली न बांधता वरच्या वरकस जमिनीत, काजूंच्या कडेला बांधूया. जमीन टणक आहे, पायाही स्वस्तात होईल. रस्ता लांब पडेल हे खरं. तिथवर गाडीवाट करायचा खर्च मी उचलते, तो माझ्या वाट्यातून वळता करायची गरज नाही. आणि एवढं करूनही खालीच हवं असेल, तर निदान एक वर्ष थांबूया. विहिरीच्या आत रंगाने खुणा करूया, फूट-फुटाच्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाणी कुठे आहे ते तुझ्या धाकटीने वहीत लिहायचं. पुढच्या मेमध्ये ती वही समोर ठेवून आपण सगळे पडवीत बसून बोलू, आप्पाकाका म्हणतील तसं करू. मी तेव्हा येतेच आहे.

हे फोनवर नीट सांगता येत नाही, आवाज चढतो. लिहून बरं पडतं. आत्या, तुम्ही वाचत असाल तर आप्पाकाकांना वाचून दाखवा, त्यांना हल्ली स्क्रीनवरचं दिसत नाही.

आणि बाकीच्या मंडळींना एक विनंती. पाणथळ, दलदल, रेंदा, खाजण, खार... आपल्याकडेही ओल्या जमिनीला किती शब्द आहेत! समुद्राच्या भरतीचं पाणी बांध घालून अडवलेलं खाजण वेगळं, खार वेगळी, डोंगराच्या पाझराची जागा वेगळी. सातबाऱ्याने या सगळ्यांना एका शब्दात गुंडाळलं असलं तरी गावोगावी त्यांची खरी नावं अजून कुणाच्या तरी तोंडात असतील. तुमच्या गावाकडे अशा जमिनीला काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारून कळवाल का? आमच्या 'खालच्या'लाही एखादं बरं नाव मिळालं तर हवंच आहे.